नळी हाती, पण ओळख नाही: संशोधन प्रयोगशाळेतली लेबलं आणि बारकोड पुन्हा पुन्हा का फसतात

उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमधून बॉक्स बाहेर काढला. झाकण उघडल्यावर आमची टेक्निशियन क्षणभर गप्पच झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, नळ्या आहेत. लेबलं खाली पडलीयेत." एक्याऐंशी खणांच्या त्या बॉक्सच्या तळाशी सहा लेबलं गुंडाळी होऊन पडली होती, वाळक्या पानांसारखी. वर सहा क्रायोव्हायल, म्हणजे नमुने गोठवून ठेवायच्या छोट्या नळ्या, उघड्याबोडक्या. आत सिरम, म्हणजे रक्तातून वेगळा केलेला पातळ भाग होता, स्वच्छ आणि पिवळसर, अगदी वापरण्याजोगं. फक्त ते सिरम कुणाचं, हे सांगायला काही नव्हतं.

अशी वेळ आमच्यावर ही पहिलीच नव्हती. आधीच्या वर्षी दोन वेळा झालं होतं. प्रत्येक वेळी लेबलाचा रोल बदलला आणि प्रश्न सुटला असं मानलं. तो सुटला नव्हता. म्हणून या खेपेला रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधल्यापासून फ्रीझरचं दार बंद होईपर्यंतची सगळी वाट पुन्हा चालून बघितली. त्यात जे सापडलं आणि ज्याने फरक पडला, ते इथे लिहिते आहे. तुमच्याकडे लक्षण वेगळं असेल, तर त्या भागाकडे थेट जा. पण "एकच माहिती दोनदा लिहिली जाते" हा भाग सगळ्यांनी वाचावा, अशी विनंती आहे.

सगळ्यात आधी: त्या दिवशी काय करायचं

पडलेलं लेबल उचलून "हे बहुतेक याचंच" म्हणत चिकटवायचं नाही. माझा हात त्या दिवशी पुढे गेला होता, म्हणून हे पहिलं सांगते. ओळख नसलेल्या नळ्या त्यांच्या खणातून न हलवता बॉक्सचा फोटो काढा. हे काम कोरड्या बर्फावर करा, टेबलावर नको. मग बॉक्सचा नकाशा, म्हणजे कुठल्या खणात काय ठेवलं त्याची नोंद, समोर घ्या. नोंद ठेवतानाच झाली असेल आणि बॉक्सला त्यानंतर कुणी हात लावलेला नसेल, तरच खणावरून ओळख मान्य करा. तीही दोघांनी मिळून, तारीख आणि सह्यांसकट. बाकीच्या नळ्यांना वेगळा बॉक्स द्या, त्यावर "ओळख अनिश्चित" असं लिहा आणि त्यातली एकही नळी अभ्यासात वापरू नका.

आमच्या सहांपैकी चार नळ्यांची ओळख नकाशावरून पटली. उरलेल्या दोन नळ्या कुठल्या खणात ठेवल्या, याची नोंद ठेवतानाच झाली नव्हती. त्या दोन आम्ही अभ्यासातून काढल्या. ते रक्त ज्यांनी दिलं, त्यातल्या एक जण पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आल्या होत्या, हे संमतीपत्रावरच्या नोंदीत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नळी "एक डेटा पॉइंट" म्हणून गेली की फारसं वाईट वाटत नाही. शिवाय संमती मागे घेण्याचा हक्क सहभागीला असतो, आणि माझा नमुना नष्ट करा असंही त्याला सांगता येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. जी नळी ओळखताच येत नाही, ती नष्ट तरी कशी करणार?

लक्षण पहिलं: लेबल सुटून पडतं

इथे दोष रोलचा असतो असं वाटतं. असतोही, पण निम्मा. क्रायोव्हायल पॉलिप्रॉपिलीनची असते आणि या प्लॅस्टिकला गोंद मुळातच नीट धरत नाही. त्यात साधा गोंद उणे ८० ला काचेसारखा कडक होतो. नळी बारीक असल्यामुळे तिच्याभोवती वाकवलेल्या लेबलाला सारखं सरळ व्हायचं असतं. गोंद कडक झाला की ते सरळ होतं, आणि पडतं. कागदी लेबल तर ओलाव्याने आधीच सैल झालेलं असतं.

म्हणून लेबल अतिशीत तापमानासाठी बनवलेलं, कागदाऐवजी प्लॅस्टिक फिल्मचं किंवा नायलॉन कापडाचं घ्यावं. द्रव नायट्रोजनसाठी, म्हणजे उणे १९६ अंशांसाठी, लेबल वेगळं मिळतं. उणे ८० चं लेबल तिथे चालेलच असं धरू नका. दुसरी गोष्ट लांबीची. २ मिलिलिटरच्या नळीचा व्यास साधारण साडेबारा मिलिमीटर, म्हणजे घेर ३९ च्या आसपास. लेबलाची लांबी ३३ असेल तर टोकं उघडी राहतात आणि तिथूनच सुटायला सुरुवात होते. ४५ चं घेतलं तर शेवट लेबलाच्याच पाठीवर बसतो. लेबलाला लेबल जितकं घट्ट धरतं, तितकं नळी धरत नाही. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने मोठा फरक पडला.

पण खरी चूक वेळेची होती. नमुना आला, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून सिरम वेगळं झालं, नळीत भरला, लेबल लावलं, आणि पाच मिनिटांत नळी फ्रीझरमध्ये. गोंदाला धरायला वेळ लागतो. कोरड्या नळीवर, खोलीच्या तापमानाला लावून, अंगठ्याने सगळीकडून दाबून, शक्य असेल तर २४ तास तसंच ठेवायला हवं. जुलै-ऑगस्टात तर पुण्या-मुंबईच्या हवेत बर्फावरची नळी बाहेर काढताक्षणी तिच्यावर दव जमतं. त्या ओलाव्यावर लावलेलं लेबल पाण्यावर लावल्यासारखंच. आमची पडलेली सहाही लेबलं पावसाळ्यातल्या एकाच आठवड्याची होती, हे नोंदवही चाळताना दिसलं.

आता कुणीही विचारेल की नमुना तर आज आला, मग लेबल २४ तास आधी कसं लावायचं? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याच्या उत्तरातच अर्धा उपाय दडलेला आहे. त्याकडे पुढे येते.

गोठलेल्या नळीवर नवं लेबल लावायची पाळी आलीच, तर गोठलेल्या पृष्ठभागासाठीची खास लेबलं मिळतात. साधं लेबल तिथे लावून वर सेलोटेप गुंडाळू नका. सेलोटेप उणे ८० ला सगळ्यांत आधी सुटते आणि जाताना लेबलही घेऊन जाते.

लक्षण दुसरं: अक्षरं पुसली जातात

हा भाग लवकर आटोपतो. बॉलपेन नकोच. मार्कर "पर्मनंट" म्हणून विकला जात असला, तरी स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जातो. कोविडच्या काळात नळ्या बाहेरून निर्जंतुक करताना कितीतरी नावं अशीच गेली. छापील लेबलांतही दोन जाती आहेत. एकात रिबन नसते, उष्णतेने कागद स्वतःच काळा पडतो. दुकानाच्या बिलासारखा. तो उष्णतेने आणि अल्कोहोलने खराब होतो. दुसऱ्यात रिबनवरची शाई लेबलावर वितळवून बसवतात. संशोधनासाठी हीच घ्या, आणि रिबन मेणाची न घेता रेझिनची घ्या. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतींच्या तपासणीत, झायलीन हे द्रावक असतं, तिथे काचपट्टीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलच लिहावी. ग्राफाइट झायलीनला दाद देत नाही.

आणि फक्त झाकणावर कधीच लिहू नका. झाकणं अदलाबदल होतात.

नवा रोल घेण्याआधी २० रिकाम्या नळ्यांत पाणी घाला, काठोकाठ भरू नका. लेबलं लावा, एक दिवस ठेवा, मग रात्रभर उणे ८० ला. सकाळी काढा, वितळू द्या, पुन्हा गोठवा. असं पाच वेळा. शेवटी ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने प्रत्येक लेबल पंधरा वेळा घासा आणि स्कॅन करा. विसापैकी एक जरी नापास झालं, तरी रोल परत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा माझा या आठवडाभराच्या परीक्षेवर जास्त भरवसा आहे.

लक्षण तिसरं: स्कॅनर बीप करत नाही

बहुतेकदा कारण असं असतं की नंबरात सगळंच कोंबलेलं असतं. अभ्यासाचं नाव, केंद्राचं नाव, वर्ष, सहभागीचा क्रमांक, भेट क्रमांक, नमुन्याचा प्रकार, कितवी नळी. वाचायला छान वाटतं. आता हिशोब करून बघा. कोड १२८ या पट्ट्यांच्या बारकोडात प्रत्येक अक्षराला ११ मात्रा (एक मात्रा म्हणजे सगळ्यात बारीक पट्टीएवढी रुंदी) लागतात आणि सुरुवात, तपासणी व शेवट मिळून आणखी ३५. अक्षरं चौदा असली तर १८९ मात्रा. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर एक ठिपका साधारण ०.०८५ मिलिमीटर. एका मात्रेला दोन ठिपके दिले, तरी बारकोड ३२ मिलिमीटर होतो. दोन्ही कडांना दहा-दहा मात्रा कोरी जागा सोडावीच लागते, म्हणजे ३५ च्या वर.

नळीचा घेर ३९, आणि स्कॅनरला समोरून सरळ दिसतो तो त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे ३५ मिलिमीटरचा बारकोड नळीभोवती गुंडाळला तर तो कधीच पूर्ण दिसणार नाही. उभा लावायला जावं तर तेवढी उंची नाही. मग कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये तो खेचून लहान करतं, मात्रा एका ठिपक्यावर येते, आणि साधा स्कॅनर हात टेकतो. इथे स्कॅनर बदलून उपयोग नाही. नंबर लहान करा. फक्त दहा अंकांचा नंबर असेल तर कोड १२८ दोन-दोन अंक एकत्र बांधतो. मग कोऱ्या जागेसह १९ मिलिमीटरमध्ये काम होतं. पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या येतील अशा बेताने तो नळीच्या लांबीत बसवता येतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे डेटा मॅट्रिक्स, तो चौकोनी ठिपक्यांचा कोड. तेच दहा अंक १२ गुणिले १२ च्या चौकोनात बसतात. त्यातल्या प्रत्येक घराला प्रिंटरचे तीन ठिपके दिले, तरी कोऱ्या कडेसकट कोड चार मिलिमीटरच्या आत येतो. त्यात चूक-दुरुस्तीची सोय असते, त्यामुळे एखादा कोपरा खरवडला गेला तरी वाचता येतो. मात्र आधी स्कॅनर तपासा. लेझरची लाल रेघ मारणारे जुने स्कॅनर हा कोड वाचत नाहीत, त्याला कॅमेऱ्याचा इमेजर लागतो. लेबलं नवी आली, स्कॅनर जुनेच राहिले, आणि महिनाभर "नवीन बारकोड खराब आहेत" अशी तक्रार चालली, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

छपाईतल्या दोन बारीक गोष्टी. लेबल पीडीएफ करून "पानात बसवा" हा पर्याय निवडून छापलं, तर पट्ट्यांच्या जाडीचं प्रमाण बिघडतं. डोळ्याला कळत नाही, स्कॅनरला कळतं. लेबलाच्याच सॉफ्टवेअरमधून, शंभर टक्के आकारात छापा. दुसरं, प्रत्येक लेबलावर एकाच जागी कागद सरकण्याच्या दिशेने पांढरी रेघ येत असेल, तर प्रिंटहेडचा ठिपका एकतर मळला आहे किंवा जळला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. रेघ राहिलीच तर हेड बदलावा लागेल. तोवर पट्ट्या त्या रेघेला आडव्या जातील असं लेबल फिरवा, म्हणजे रेघ सगळ्या पट्ट्यांना सारखीच छेदते आणि वाचन अडत नाही.

नळीवर बर्फाचा थर असेल तर नखाने खरवडू नका. अल्कोहोलने किंचित ओला केलेला गॉज एकदा फिरवा, लगेच स्कॅन करा, नळी परत कोरड्या बर्फात.

लक्षण चौथं: बीप होते, पण भलतंच नोंदलं जातं

न वाचला जाणारा बारकोड निदान प्रामाणिक असतो. चुकीचा वाचला गेलेला मात्र गुपचूप जातो.

एकदा आमच्या नोंदींत केंद्राच्या नावाच्या जागी "झङळ" असं दिसायला लागलं. पुण्याच्या केंद्राची तीन इंग्रजी अक्षरं होती: पी, यू, एन. व्हायरसपर्यंत चर्चा गेली. झालं असं होतं की त्याच संगणकावर सकाळी संमतीपत्राचा मराठी मजकूर टाइप झाला होता आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवरच राहिला होता. स्कॅनर संगणकाला आपण कीबोर्ड आहोत असंच सांगतो. कळ दाबल्याचा इशारा देतो, अक्षर संगणक ठरवतो. मोठ्या लिपीतल्या पी, यू, एनच्या कळांवर इनस्क्रिप्टमध्ये झ, ङ, ळ बसतात. स्कॅनिंगचा संगणक वेगळा ठेवा, निदान त्यावर इंग्रजी कीबोर्डच राहील अशी सोय करा. आणि सॉफ्टवेअरला सांगा की ठरलेल्या नमुन्याशी न जुळणारी नोंद घ्यायचीच नाही. नंबरात फक्त अंक ठेवले तर या दुखण्याचा बराचसा भाग मुळातच जातो.

दुसरी गोष्ट, स्कॅनर विकत येतो तेव्हा त्यात बऱ्याच प्रकारचे बारकोड चालू असतात. इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह हा जुना प्रकार तिरका स्कॅन झाला तर त्याचा तुकडाही पूर्ण नंबर म्हणून वाचला जाऊ शकतो. कोड ३९ या प्रकारात तपासणी अंक, म्हणजे बाकीच्या नंबरावरून काढलेला, चूक पकडणारा अंक, सक्तीचा नसतो. तुम्ही जो एक प्रकार वापरता तेवढाच चालू ठेवा, बाकीचे स्कॅनरच्या पुस्तिकेतल्या कोडने बंद करा, आणि नंबराची लांबीही ठरवून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी गोष्ट एक्सेल. सुरुवातीचं शून्य खातं, पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, अंकांच्या मधे इंग्रजी ई आला की त्याला गणितातला दहाचा घात समजतं, आणि महिन्यासारखं दिसणारं काहीही दिसलं की त्याची तारीख करतं. हा शेवटचा त्रास जगभर इतका झाला की २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च आणि सेप्ट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या जनुकांची नावंच बदलून टाकली. तुमच्या केंद्राचा संकेत इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तीन अक्षरांसारखा असेल, तर आजच बदला. एक्सेल वापरायचंच असेल तर नंबराचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा, मग त्यात काही भरा.

मुळाशी गेल्यावर: एकच माहिती दोनदा लिहिली जाते

इथवरच्या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर आमची लेबलं टिकली, बारकोड वाचले गेले, आणि तरीही नमुन्यांची अदलाबदल सापडली. बारकोड अगदी व्यवस्थित वाचला जात होता. चुकीच्या माणसाचा.

एका गावातल्या शिबिराहून नळ्या आल्या होत्या. तिथे आरोग्यसेविकेने प्रत्येक नळीवर हाताने क्रमांक लिहिले होते, मराठीत. ते वाचून आमच्याकडे छापील बारकोड लागले. महिन्याने ९८ क्रमांकाच्या दोन नळ्या निघाल्या आणि १४ ची एकही नाही. मूळ नळी मागवून मी खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून बघितली. त्या ताईंनी १४ लिहिलं होतं, ठसठशीत. पण घाईने लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. इंग्रजी अंकांची सवय असलेल्या डोळ्याने सरळ अठ्ठ्याण्णव वाचलं होतं. त्या ताईंची चूक नव्हती, वाचणाऱ्या मुलीचीही नव्हती. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचून पुन्हा लिहायचं, ही पद्धतच चूक होती. त्यावर महागडा बारकोड चिकटवला की चूक फक्त पक्की होते.

नाव आणि जन्मतारीख ताडून बघू, असं कुणी म्हणेल. ते रुग्णाच्या खाटेशी करायलाच हवं, दोन ओळखी विचारल्याशिवाय सुई लावायची नाही. पण आपल्याकडे कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना तीच लागली. एकाच गावात एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या आणि १ जूनच्या दोघी सापडणं अगदी शक्य आहे. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, आधारवर एक आणि ओपीडीच्या कागदावर दुसरं. म्हणून वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि घरचा पत्ता उघड प्रश्न करून विचारावा. "तुम्ही सुनीताताई ना?" असं विचारलं तर थकलेला माणूस हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं.

आता त्या २४ तासांच्या प्रश्नाकडे. आम्ही एक गोष्ट बदलली आणि बाकीचं बरंच आपोआप सुटलं: नळीचा नंबर माणसाचा नंबर राहिला नाही. गाडीला कारखान्यातच चासी नंबर मिळतो. मालक नंतर येतो, नोंद नंतर होते, मालक बदलला तरी चासी नंबर तोच. तसं प्रत्येक रिकाम्या नळीला आधीच एक स्वतःचा, कुठलाही अर्थ नसलेला दहा अंकी नंबर मिळतो. कोरड्या, स्वच्छ नळ्यांवर आठवडाभर आधी निवांतपणे लेबलं लागतात, त्यामुळे गोंदाला हवा तितका वेळ मिळतो. तो नंबर तोवर कुणाचाच नसतो. रक्त काढल्यावर, रुग्णाच्या समोरच, आधी त्याच्या फॉर्मवरचा बारकोड आणि मग नळीचा बारकोड स्कॅन होतो, आणि तिथे नातं जोडलं जातं. पुढे सिरम वेगळं करताना मोठी नळी स्कॅन, लगेच तिच्या चार छोट्या नळ्या स्कॅन. कोण कुणाचं हे संगणकात, तारीख-वेळेसकट. हाताने कुणी काहीच उतरवत नाही. अभ्यास, केंद्र, भेट, प्रकार ही सगळी माहिती नोंदींत राहते, लेबलावर तिची गरज नाही. लेबलावर डोळ्याने वाचता येईल असा नंबर आणि नमुन्याचा प्रकार तेवढा असतो. नाव कधीच नसतं. नाव आणि नंबराचं नातं सांगणारी यादी वेगळ्या जागी, मोजक्या लोकांच्या हाती.

याआधी आम्ही रुग्णाच्या नंबराची लेबलं आधीच छापून नळ्यांवर लावून वॉर्डात पाठवत होतो. ते धोक्याचं आहे. रुग्ण आला नाही की त्याची तयार नळी ट्रेमध्ये पडून राहते, आणि नळी कमी पडली की सिस्टर हाताशी येईल ती उचलतात. कामाच्या गर्दीत ते साहजिकच आहे. नळीला स्वतःचाच नंबर असला की कुठलीही उचलली तरी चालते.

उरलेल्या लेबलांबद्दल आम्ही फार उशिरा जागे झालो. प्रत्येक सहभागीसाठी दहा लेबलांचा संच छापायचा, सात लागायची, तीन उरायची. मी एकदा टेबलाच्या कडेखाली हात फिरवला तर तिथे रांगेने चिकटवलेली लेबलं लागली, "लागली तर असावीत" म्हणून ठेवलेली. एका नंबराच्या दोन नळ्या कुठून येतात ते तेव्हा कळलं. आता लेबल हवं तेवढंच छापलं जातं. पुन्हा छापायचं असेल तर कारण लिहावं लागतं आणि बिघडलेलं लेबल त्या कारणाशेजारी रजिस्टरात चिकटवावं लागतं.

टेबलावर एका वेळी एकाच माणसाचे नमुने, हा नियम कंटाळवाणा आहे, त्याने काम सावकाश होतं, आणि तो मी कधीच सैल करणार नाही.

हाताने नंबर टाइप करायची वेळ कधीतरी येतेच, लेबल फाटतं, स्कॅनर बंद पडतो. त्यासाठी शेवटचा अंक तपासणीचा ठेवा. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत एका अंकाची कुठलीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल हमखास पकडते. आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने निघतो. दोन अंक एकदम चुकले, आमच्या १४ आणि ९८ सारखे, तर दहातली एखादी चूक निसटू शकते. म्हणून ही रीत म्हणजे स्कॅनिंगला पर्याय आहे असं समजू नका. सॉफ्टवेअरवाल्यांना ही दोन तासांत बसवता येते.

बिघाड परत आला तर लवकर कसा कळेल

महिन्यातून एकदा संगणकाकडून कुठल्याही २० नळ्यांचे नंबर काढा आणि फ्रीझरमध्ये जाऊन त्या नेमक्या त्याच खणात आहेत का बघा. मग उलट करा: फ्रीझरमधून हाताला येतील त्या २० नळ्या स्कॅन करा आणि त्यांची नोंद सापडते का बघा. पहिल्या फेरीत हरवलेल्या नळ्या कळतात, दुसरीत बेवारस. दोन्ही हव्यात. आम्ही बराच काळ पहिलीच करत होतो. ही तपासणी ज्याने नळ्या ठेवल्या त्याच्याकडे देऊ नका.

डीएनएवर काम असेल, तर नमुन्यातून दिसणारं लिंग आणि फॉर्मवरचं लिंग जुळतं का हे सगळ्यांत आधी बघावं. दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या नळ्या आपसांत बदलल्या तर ते यात दिसणार नाही. पण एक जरी विसंगती निघाली, तरी न दिसलेल्या आणखी असतील असंच धरायचं आणि त्या दिवशीचा सगळा गठ्ठा तपासायचा.

राहता राहिली लाइट जाण्याची गोष्ट. संगणक बंद, प्रिंटर बंद, आणि बाहेर बाकावर नऊ जण उपाशी बसलेले. आमच्याकडे यासाठी एक बंद पाकीट असतं. त्यात आधी छापलेल्या नंबरांच्या जोड्या आहेत, प्रत्येक नंबर दोन लेबलांवर. एक नळीवर लागतं, त्याचं जोडीदार त्याच क्षणी त्या माणसाच्या फॉर्मवर, त्याच्या डोळ्यांदेखत. शेजारी वेळ आणि सही. लाइट आली की दोन्ही स्कॅन होतात आणि न वापरलेल्या जोड्या मोजून पाकिटात परत जातात. गेल्या पावसाळ्यात ते पाकीट तीनदा उघडलं. तिन्ही वेळा मोजणी जुळली.